सार्क ठप्प असताना नेपाळची वीज बांगलादेशात पोहोचते कशी?

मुठाकाठ
सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरची तयारी चालू आहे. २०१४ नंतर सार्कची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची, शिखर परिषद झालेली नाही, तरी नेपाळ भारतातून बांगलादेशाला वीज विकतो. हे जमलं कसं? आणि यात छोट्या देशाच्या हातात किती उरतं?

विजेरी
सार्कच्या सनदेतलं कलम १० आधी वाचा. सगळे निर्णय एकमताने, एकजण अडला की काम थांबलं. म्हणून हा करार तिघांनीच केला, ३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत. विकणारं नेपाळ विद्युत प्राधिकरण, घेणारं बांगलादेशाचं वीज विकास मंडळ, मधे एनटीपीसी या भारताच्या सरकारी वीज कंपनीची व्यापार कंपनी. ४० मेगावॉट, दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर, पाच वर्षं, युनिटला ६.४ अमेरिकी सेंट. ढल्केबर–मुजफ्फरपूर ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीने वीज भारतात येते आणि बहरामपूर–भेरामारा वाहिनीने बांगलादेशात जाते. मोजणी मुजफ्फरपूरला होते. तिथपर्यंतची गळती नेपाळने सोसायची, पुढचं वहन शुल्क बांगलादेशाने.

पाचच महिने, कारण नेपाळचे बहुतेक प्रकल्प नदीच्या चालू प्रवाहावर चालतात. हिवाळ्यात पाणी आटतं आणि नेपाळच भारताकडून वीज घेतो.

सह्यकडा
खरी मेख मंजुरीत आहे. नेपाळच्या प्रत्येक प्रकल्पाला भारताची वेगळी परवानगी लागते, आणि चिनी गुंतवणूक किंवा चिनी ठेकेदार असला की ती मिळत नाही. त्यामुळे या ४० मेगावॉटसाठी त्रिशूली आणि चिलिमे हे जुने प्रकल्प पुढे केले. १५० दिवस धरले तर १४.४ कोटी युनिट, म्हणजे सुमारे ९२ लाख डॉलर. रक्कम लहान आहे, पण तिसऱ्या देशाला वीज विकण्याचा पायंडा पडला, आणि माझ्या मते नेपाळची कमाई तीच. उत्तरात हे जरूर लिहा.

मुठाकाठ
मोठ्या शेजाऱ्याला वगळून कुणाला जमलंय का?

विजेरी
एस्टोनिया, लाटविया, लिथुआनियाला. त्यांच्या ग्रिडची (वीजजाळ्याची) वारंवारता, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, मॉस्कोतून सांभाळली जायची. ८ फेब्रुवारी २०२५ ला तिघे रशियाच्या ग्रिडपासून एकदम तुटले, दिवसभर स्वतःच्या बळावर राहिले आणि ९ तारखेला पोलंडमार्गे युरोपच्या ग्रिडला जोडले गेले. त्याआधी वारंवारता डगमगू नये म्हणून सिंक्रोनस कंडेन्सर, म्हणजे वीज न बनवता फिरत राहून ग्रिड स्थिर ठेवणारी यंत्रं, बसवावे लागले. ते नसते तर एक मोठं केंद्र बंद पडल्यावर अंधार होण्याचा धोका वाढला असता.

नेपाळला असा पोलंड नाही. उत्तरेकडे तिबेटमधल्या केरुंगला जाणारी वाहिनी अजून कागदावरच आहे.