मदत हवी आहे: बहावा-चिंचेला रायझोबियम लावलं, मुळांवर एकही गाठ नाही

नमस्कार मंडळी,

गावच्या टेकडीवर लावायला यंदा घरामागे करंज, बहावा, चिंच मिळून सहाशेएक रोपं केलीत. दोन घमेली लाल माती, एक वाळू, एक शेणखत. गुळाच्या पाण्यात रायझोबियम (मुळांवर गाठी करून झाडाला हवेतला नत्र देणारे जिवाणू) कालवून बियांना चोळलं, सावलीत सुकवून पिशवीत टोकलं. तीन महिने झाले. करंज तरतरीत आहे, बहावा-चिंच मात्र वीतभर होऊन थांबलेत, खालची पानं पिवळी.

परवा जिवावर दगड ठेवून प्रत्येकी दोन पिशव्या फोडल्या आणि मुळं बादलीत धुतली. करंजाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, नखाने चिरल्या तर आत गुलाबी. बाकी दोघांची मुळं साफ कोरी! तिन्ही शेंगांचीच झाडं ना? पाकीट 250 ग्रॅमचं, वर 'सोयाबीन' लिहिलंय. दुकानदार म्हणाला, सगळ्या शेंगवाल्यांना चालतं. मध्ये मर (रोपं कोमेजून मरण्याचा रोग) दिसली म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराईडही ओतलं होतं, त्याने जिवाणू मेले का? दुसरं पाकीट आणून पाण्यातून देऊ?

प्रतिसाद:
अहो, थांबा, पैसे वाया जातील. बहावा आणि चिंच शेंगांची झाडं खरी, पण त्यांना गाठी धरतच नाहीत. गुलमोहराचंही तेच. सोयाबीनचं रायझोबियम मुख्यतः सोयाबीनसाठी, सगळ्या शेंगवाल्यांना चालत नाही. करंजावरच्या गाठी तुमच्या मातीतल्याच जिवाणूंच्या असणार, त्याचं श्रेय दुकानदाराला देऊ नका :)

पानं पिवळी पडतात ती बहुधा नत्राअभावी, शेणाची पातळ स्लरी द्या. बहावा-चिंचेला मायकोरायझा, म्हणजे आपलं व्हॅम, लावा. ही बुरशी आहे, मुळाला टेकली तरच धरते. वरून भुरभुरून उपयोग नाही. काडीने मुळाजवळ दोन-तीन भोकं पाडून चमचाभर सोडा, वर माती दाबा. ती लांबचा स्फुरद (फॉस्फरस) मुळापर्यंत आणते, पण मातीत आयता स्फुरद असला की झाड तिला विचारत नाही. डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, दिलंय का? आणि ते तांब्याचं औषध (कॉपर ऑक्सिक्लोराईड) आता बंद, ते बुरशीनाशक, या बुरशीलाही बाधेल.

धागाकर्ता:
डीएपी चिमूट-चिमूट दिलंय, महिन्यापूर्वी :( औषधाला तीन आठवडे झाले. आता बहाव्याच्या पन्नास पिशव्यांना व्हॅम देतो, पन्नास तशाच ठेवतो. लागवडीच्या आधी दोन्हीकडच्या उंच्या मोजून इथेच टाकतो.