मदत हवी आहे : मनातली धास्ती आणि पोटातला मुरडा

नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो आणि नोकरीसाठी रोज कागलच्या औद्योगिक वसाहतीत जातो. गेले आठ महिने सकाळी पोटात मुरडा येऊन मला तीन-चार वेळा शौचास जावे लागते. रविवारी तांबडा रस्सा ओरपूनही पोट शांत असते. सोमवारी मात्र कंपनीच्या बसची वेळ जवळ आली की आदल्या रात्रीच्या साध्या दहीभातावरही कळ उठते. वाटेतल्या कोणत्या पेट्रोल पंपावरचे शौचालय उघडे असते, हे आता मला तोंडपाठ झाले आहे.

तपासण्यांत काहीही दोष न आढळल्याने डॉक्टरांनी आयबीएसचे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यांत दिसण्याजोगा दोष नसतानाही पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी होणारा विकार) निदान केले. आतड्यांचे स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे मेंदूशी सतत संवाद साधत असते, त्यामुळे चिंतेने आतड्यांची हालचाल आणि संवेदनशीलता बदलते व त्या त्रासाच्या धास्तीने चिंता आणखी वाढते, असे त्यांनी समजावले. घरचे याला 'मनाचे खेळ' म्हणतात; कळ मात्र खरीच असते.

आहारतज्ज्ञांनी लो-फॉडमॅप (आतड्यांत नीट न शोषली जाणारी, आंबणारी कर्बोदके कमी करण्याच्या) पद्धतीनुसार कांदा, लसूण आणि गहू काही आठवडे वर्ज्य करण्यास सांगितले आहे. (कांदा-लसूण मसाल्याविना आमच्या घरी आमटीसुद्धा होत नाही!) अशा त्रासासाठी कोणी कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धती) घेतली आहे का? किती सत्रांनंतर फरक जाणवला, आणि कोल्हापूर परिसरात मराठीतून ती देणारे समुपदेशक कसे शोधावेत, हे कृपया कळवावे.