शनिवारचा यार्ड सेल आणि अडलेला ड्राइव्हवे

शनिवार रात्री, फ्रीमाँटहून

नमस्कार मंडळी,

एरवी मी मंडळाच्या या ईमेल यादीवर फक्त नाटकाची तिकिटं नाहीतर गणपतीची वर्गणी यासाठी लिहिते. आज घरचा प्रश्न घेऊन आले आहे. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

आमच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ राहतात. गेल्या मार्चपासून ते जवळजवळ दर शनिवारी यार्ड सेल लावतात, म्हणजे जुनं सामान घरासमोर मांडून विकतात. वर्षातून एकदा गॅरेज आवरायचा सेल असता तर मी अवाक्षर काढलं नसतं. शुक्रवारी संध्याकाळी टेबलं मांडून होतात आणि शनिवारी उजाडायच्या आत गिऱ्हाइकं दारात. सेलच्या जगात यांना ‘अर्ली बर्ड’ म्हणतात. चांगला माल आधी उचलून पुढे विकणारे बरेचसे तेच.

आमची गल्ली पुढे बंद आहे. शेवटच्या गोलावर पाच घरं. दोन ड्राइव्हवेंच्या (गॅरेजपासून रस्त्यापर्यंतच्या गाडीच्या वाटांच्या) मधला कर्ब, म्हणजे रस्त्याची कड, एका गाडीपेक्षा आखूड, त्यामुळे तिथे लावलेल्या गाडीचं तोंड किंवा शेपूट कुणाच्या तरी ड्राइव्हवेत येतंच.

आईचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार असतं. सकाळी सातची वेळ, साडेसहाला घर सोडावं लागतं. आज आई गाडीत बसली, पट्टा लावला, मांडीवर शाल (तिथे फार थंडी वाजते), हातात डबा. मी रिव्हर्स टाकला तर मागे चंदेरी पिकअप, मागचं चाक बरोबर आमच्या उतारावर. टेबलाटेबलाशी जाऊन विचारत फिरले, ही कुणाची, ही कुणाची. मालक मागच्या अंगणात शिडी बघत होता. वीस-पंचवीस मिनिटं गेली. केंद्रावर पोचलो तर त्यांनी सांगितलं, पुढचा पेशंट ठरलेला आहे, आज चार तासांऐवजी साडेतीनच होतील. दुपारी आई म्हणाली, “पाय जड वाटतायत गं.” त्या अर्ध्या तासात तिच्या अंगातलं जे पाणी निघायला हवं होतं ते मंगळवारपर्यंत तिच्याच अंगात राहणार.

नवरा म्हणतो सरळ तक्रार कर. आई म्हणते, शेजारी आहे, रोज तोंड बघायचंय, वैर नको. मला दोघांचंही पटतंय आणि पुढचा शनिवार सात दिवसांवर आहे.

*

शनिवार रात्री, सॅन होजेहून

ताई, यात विचार करण्यासारखं काही नाही. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम २२५००, पोटकलम ई: ड्राइव्हवेसमोर गाडी लावायला मनाई, ड्राइव्हवे सार्वजनिक असो की खाजगी. टोइंगवाल्याला फोन करा, गाडी उचलू दे. दोन गाड्या उचलल्या की तिसरा येणार नाही. आईच्या तब्येतीपुढे कसली भीड?

*

रविवार सकाळी, सनीव्हेलहून

ताई, तुझ्या आईंचं वाचून जीव कळवळला. माझे सासरेही शेवटची तीन वर्षं डायलिसिसवर होते. अर्धा तास कमी झाला म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच कळतं.

तरी यार्ड सेल या गोष्टीबद्दल दोन शब्द लिहिते. आम्ही १९८४ साली इथे आलो तेव्हा बॅगेत पोळपाट-लाटणं होतं आणि ते ठेवायला टेबल नव्हतं. पहिलं टेबल यार्ड सेलमधून पाच डॉलरला आणलं. त्याच्यावर माझ्या दोन्ही मुलांचे अभ्यास झाले, त्याच्यावरच दिवाळीच्या करंज्या लाटल्या. यादीवरच्या कितीतरी जणांचा इथला संसार असाच उभा राहिला असेल. म्हणून त्या गृहस्थांकडे येणाऱ्या माणसांवर माझा राग निघत नाही. कुणाला दहा डॉलरची सायकल हवी असते, कुणाला बाळासाठी खुर्ची.

बाळाचा विषय निघालाच आहे तर नव्या आईबाबांसाठी सांगून ठेवते. एक बाजू खाली सरकणारे जुने पाळणे, म्हणजे ड्रॉप-साइड क्रिब, सेलमध्ये अजून दिसतात. त्यांच्या फटीत अडकून बाळं दगावली आहेत. २८ जून २०११ पासून असे पाळणे विकायला देशभर बंदी आहे, यार्ड सेलमध्येसुद्धा. कितीही स्वस्त मिळाला, फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आणि ताई, तू त्यांच्याशी एकदा तरी बोललीस का? पत्रात कुठे दिसलं नाही.

*

रविवार संध्याकाळी, हेवर्डहून

मंडळी,

निवृत्तीनंतर मी शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भांडणात मध्यस्थी करण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं ते काम स्वयंसेवक म्हणून करतो. झाडाच्या फांद्या, कुत्र्याचं भुंकणं आणि पार्किंग, बहुतेक भांडणं या तिघांचीच. त्या अनुभवातून लिहितो.

आधी सॅन होजेच्या दादांच्या पत्रात एक दुरुस्ती. कलम बरोबर आहे, पण टोइंगवाल्याला आपण परस्पर बोलवू शकत नाही. रस्ता सार्वजनिक आहे. आपल्या मालकीच्या जागेतली गाडी उचलायचा नियम वेगळा. रस्त्यावरच्या गाडीसाठी पोलिसांच्या तातडीविरहित क्रमांकावर फोन करायचा (९११ या तातडीच्या क्रमांकावर नव्हे). ड्राइव्हवेचं तोंड अडलं असेल आणि गाडी हलवण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग नसेल तर अधिकारी ती उचलायला लावू शकतो. ताईंची सकाळ डोळ्यांसमोर आणून बघा: फोन, अधिकारी येणार, मग टो ट्रक येणार. तोवर साडेसात. कायदा आपल्या बाजूने असूनही आईंची वेळ चुकलेलीच.

आता मुख्य मुद्दा. ताई, तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्या वेगळ्या करा. ड्राइव्हवे अडवतं कोण? गिऱ्हाईक. ती गाडी शेजाऱ्याची नाही. दर आठवड्याला सेल कोण लावतं? शेजारी. तुमच्या आईंचा त्रास पहिल्या गोष्टीतून येतो, पण राग मात्र दुसरीवर साचलाय. तुम्ही त्यांच्या दारात जाऊन “तुमचे सेल बंद करा” म्हणालात तर ते त्यांचा सेल वाचवायला उभे राहतील. “शनिवारी साडेसहाला माझ्या आईची गाडी बाहेर निघाली पाहिजे” म्हणालात तर त्याला नाही म्हणायला माणसाला फार कठीण जातं. माझ्यासमोर आलेल्या प्रकरणांत जी मिटली त्यांत मागणी अशीच होती: एक वेळ, एक जागा, एक कारण.

घरासमोरचा कर्बही आपला नसतो, हे कटू आहे पण खरं आहे. तिथे कुणी कायदेशीर गाडी लावली तर ती त्याची जागा. तिथे स्वतःचे प्लास्टिकचे शंकू ठेवू नका आणि कर्बला स्वतः लाल रंगही (म्हणजे ‘पार्किंग मनाई’ची खूण) देऊ नका. तो अधिकार शहराचा. असं काही केलं की उद्या तक्रार तुमच्यावर येते. ड्राइव्हवेचं तोंड मात्र मोकळंच राहिलं पाहिजे, तिथे मागे हटायचं कारण नाही.

सेल किती वेळा लावता येतात हे शहरागणिक बदलतं. कुठे वर्षाला ठरावीक संख्या, कुठे सलग किती दिवस याची मर्यादा, कुठे आधी परवानगी. तुमच्या शहराच्या कोड एन्फोर्समेंट विभागाला (शहराचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या) विचारा, नाव न सांगता नुसता नियमही विचारता येतो. राज्याचा विक्रीकराचा नियमही आहे: १२ महिन्यांत दोनपेक्षा जास्त सेल केले तर साधारणपणे सेलर्स परमिट, म्हणजे विक्रेत्याचा परवाना, घ्यावं लागतं. हे माहीत असू द्या, पण पहिल्या भेटीत तोंडावर फेकू नका. नियमाचा कागद पुढे केला की बोलणं तिथेच संपतं.

बोलणं फिसकटलं तर मध्यस्थी आहे. १९८६ साली या राज्यात कायदा झाला. त्यानुसार न्यायालयात दावा दाखल करताना भरायच्या शुल्कातला छोटा वाटा काउंटीला (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) मध्यस्थीच्या केंद्रांसाठी वापरता येतो. म्हणून ही सेवा बऱ्याच ठिकाणी मोफत किंवा नाममात्र पैशांत मिळते. सॅन फ्रान्सिस्कोची कम्युनिटी बोर्ड्स ही संस्था तर १९७६ पासून हेच काम करतेय. दोन्ही बाजूंची तयारी लागते, सक्ती नसते.

बोलायला शनिवारी जाऊ नका. सेल चालू असताना माणूस दुकानात असतो. बुधवारी संध्याकाळी जा. एकट्याच जा.

*

सोमवार, सॅन होजेहून

काका, टोइंगचं मला माहीत नव्हतं. आभार. ताई, तोवर एक करा: शुक्रवारी रात्रीच गाडी गल्लीच्या तोंडाशी बाहेर लावून ठेवा.

*

सोमवार रात्री, फ्रीमाँटहून

दादा, ते करून पाहिलं. तोंडापर्यंत दोनशे पावलं आहेत. आईला मध्ये दोनदा थांबावं लागलं, परत येताना तर शक्यच नव्हतं. डायलिसिस झाल्यावर तिला उभं राहिलं की गरगरतं.

सनीव्हेलच्या काकू, नाही, मी बोलले नव्हते. चार महिने फक्त खिडकीतून बघत होते.

*

गुरुवार, फ्रीमाँटहून

काल संध्याकाळी गेले. सविस्तर लिहिते, कारण यादीवर अजून कुणाला लागेल.

ते गॅरेजमध्ये खोकी उघडत बसले होते. बाजूलाच एक पांढरा पाळणा, बाजू खाली सरकणारा. काकूंचं पत्र डोक्यात होतं म्हणून आधी तेच तोंडून निघालं. त्यांना बंदीचं काहीच ठाऊक नव्हतं. मी फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं वाचलं, काही न बोलता स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तिथेच पाळणा सुटा करायला बसले. म्हणाले, “मागच्या महिन्यात एक विकला मी.” हात थरथरत होते. मी दुसरी बाजू धरली. आम्ही दोघांनी मिळून तो मोडला, फळ्या कचऱ्याच्या गाडीसाठी बांधल्या.

मग मी आईचं सांगितलं. वेळ, जागा, कारण, काका म्हणाले तेवढंच. ते म्हणाले, तुझी आई शनिवारी कुठे जाते मला काय माहीत, मला वाटलं देवळात. त्यांचा धाकटा भाऊ फेब्रुवारीत गेला. त्याच्या नावावर सामानाने भरलेली तीन भाड्याची गोदामं निघाली, स्टोरेज युनिट्स. रिकामी होईपर्यंत दर महिन्याचं भाडं यांच्या पेन्शनमधून जातं. एक रिकामं झालंय, दोन बाकी आहेत. म्हणून दर शनिवारी.

ठरलं ते असं: सेल आठला सुरू होणार आणि जाहिरातीत “आठच्या आधी येऊ नये” लिहिणार. टेबलं आमच्या बाजूकडून पलीकडच्या हिरवळीवर हलवणार. गोलावर गाडी न लावता बाहेर लावून चालत यावं, अशी पाटी स्वतःच्या हिरवळीवर लावणार. आम्ही एकमेकांचे फोन नंबर घेतले. सेल कमी करण्याचं त्यांनी कबूल केलं नाही आणि मीही मागितलं नाही.

*

तीन आठवड्यांनी, रविवार, फ्रीमाँटहून

काका, पुढे काय झालं ते तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

पहिल्या शनिवारी सव्वासहाला खिडकीतून पाहिलं तर आमच्या ड्राइव्हवेच्या टोकाशी घडीची खुर्ची टाकून ते कॉफी पीत बसलेले. आठ म्हटलं तरी अर्ली बर्ड येतातच. दोन गाड्या वळल्या, त्यांनी बसल्या जागेवरून हात करून परत पाठवल्या. आईची गाडी निघाली तसे उठून उभे राहिले. आई सात वाजता डायलिसिसच्या खुर्चीवर होती, पूर्ण चार तास झाले. दुसऱ्या शनिवारीही तसंच. काल मात्र ते खोकी आणायला गेले होते आणि एक व्हॅन येऊन लागली. मी फोन केला, तीन मिनिटांत मालक सापडला. सहा पस्तीसला निघालो.

पलीकडच्या घराला अजून त्रास आहे, कारण टेबलं आता त्यांच्या बाजूला सरकली आहेत. त्यांच्याशीही बोलायला हवं. या वेळी मी आणि शेजारी दोघं मिळून जाणार आहोत.

आणखी एक. दुसऱ्या गोदामात तीस घडीच्या लोखंडी खुर्च्या निघाल्या. विकल्या जात नाहीत. मंडळाला गणपतीसाठी हव्या असतील तर फुकट घेऊन जा म्हणाले. आपण दर वर्षी भाड्याने आणतो ना? कुणाकडे पिकअप आहे का?

*

रविवार रात्री, सॅन होजेहून

ताई, माझ्याकडे आहे. शनिवारी आई निघाल्यावर येतो, आठनंतर. गाडी गल्लीच्या बाहेर लावीन. खुर्च्या वाहायला दोन जण हवेत, कोण येतंय?