प्रतिसाद: कोश म्हणजे खजिनाच की!

वर कुणी म्हटलंय, थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, ही कल्पना इंग्रजांमुळे आपल्याकडे आली. शब्द मूळ ग्रीक, अर्थ खजिना, हे बरोबर. पण आपल्या ‘कोश’चाही एक अर्थ खजिनाच आहे! रॉजेटचा थिसॉरस १८५२चा. आपला संस्कृत अमरकोश त्याच्या कित्येक शतकं आधीचा. दोन्हींत शब्द अकारविल्हे नाहीत, विषयवार आहेत. फरक एवढाच, की अमरकोश पद्यात, पाठ करायचा.

पंचवटीत आमचे आजोबा द्राक्षं धुता धुता अमरकोशातली ओळ म्हणायचे: मृद्वीका, गोस्तनी, द्राक्षा, स्वाद्वी, मधुरसा. एका द्राक्षाला पाच नावं. आम्हा नाशिककरांना मात्र थॉमसन, सोनाका, शरद एवढंच येतं, आणि ती समानार्थी नाहीत, द्राक्षांच्या वेगवेगळ्या जाती आहेत, हे बागाईतदाराला विचारा!