विषय: तळघरात नेट पोचत नाही (पॉवरलाइन ॲडॉप्टर)

नमस्कार मंडळी,

राउटर वरच्या मजल्यावर आणि माझी कामाची खोली तळघरात, त्यामुळे वायफाय खाली येईस्तोवर गळपटतो. घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडायची सोय नाही. म्हणून घरातल्या विजेच्या तारांमधूनच नेट नेणाऱ्या पॉवरलाइन ॲडॉप्टरची जोडी आणली. खोक्यावर १००० एमबीपीएस, हातात जेमतेम ४०. संध्याकाळी तर मीटिंगमध्ये सगळे थिजतात. खालचा ॲडॉप्टर टेबलाजवळच्या स्पाइक गार्डमध्ये आहे. ही जोडी परत करून २००० वाली घेऊ का?

---

उत्तर: तळघरात नेट पोचत नाही

> खालचा ॲडॉप्टर टेबलाजवळच्या स्पाइक गार्डमध्ये आहे

इथेच गोम आहे. विजेचा प्रवाह ५० किंवा ६० हर्ट्झचा. ॲडॉप्टर त्याच तारेवर काही मेगाहर्ट्झचे संदेश चढवतात. स्पाइक गार्डमधला फिल्टर नेमकी ही वरची कंपनं कचरा समजून गिळतो. ॲडॉप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. सॉकेट एकच असेल तर अंगातच सॉकेट असलेला ॲडॉप्टर मिळतो, गार्ड त्याच्यात खोचायचा. उलटं नाही.

> २००० वाली घेऊ का?

आत्ता नको. तो आकडा दोन ॲडॉप्टरमधल्या कच्च्या वेगाचा. एकच तार, येणं-जाणं आळीपाळीने, डेटाची बिघडलेली पाकिटं पुन्हा पाठवायची. तिसरा हिस्सा पदरात पडला तरी मी खूश असतो. स्वस्तातल्या काही जोड्यांवर ५०० लिहिलेलं असतं आणि लॅनचा पोर्ट असतो १०० चा! तेही खोक्यावरच असतं, बारीक अक्षरात.

संध्याकाळचं दुखणं वेगळं. डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारं बटण), स्वस्त चार्जर, एलईडी दिवे तारेत गोंगाट सोडतात. एकेक बंद करून वेग मोजा. लॅपटॉप केबलने जोडूनच मोजा, नाहीतर वायफायचं पाप ॲडॉप्टरच्या माथी.

आणि पेअरचं बटण, म्हणजे जोडीला स्वतःचा गुप्त पासवर्ड देणारं, दाबलंत ना? दोन्हीकडे, साधारण दोन मिनिटांच्या आत. जुन्या होमप्लग (पॉवरलाइनचं एक मानक) जोड्यांचा कारखान्यातला पासवर्ड सगळ्यांचा एकच असायचा, आणि हे संदेश शेजाऱ्याच्या वायरिंगपर्यंत झिरपू शकतात.

---

उत्तर: तळघरात नेट पोचत नाही

काकांनी सांगितलंय त्यात थोडी भर. पुढे तिसरा ॲडॉप्टर घ्याल तर जातकुळी बघा. होमप्लग आणि जी.एचएन (दुसरं मानक) एकमेकांशी बोलत नाहीत, उलट एकाच तारेवर एकमेकांना त्रास देतात.

दोन्ही खोल्यांत केबल टीव्हीचं गोल कोॲक्स तोंड असेल तर मी त्या कोॲक्स तारेतून नेट नेणारा मोका ॲडॉप्टरच सुचवेन. ती तार मुळात वरच्या कंपनांसाठीच असते, त्यामुळे वेग आणि स्थैर्य दोन्ही बरंच चांगलं. घरात केबल शिरते तिथे मोकाचा फिल्टर मात्र लावा, म्हणजे संदेश घराबाहेर जात नाहीत. त्याच तारेवर डिश असेल तर हा नाद सोडा.

---

उत्तर: तळघरात नेट पोचत नाही

काका, ताई, आभार. भिंतीत लावल्यावर १३० च्या आसपास मिळतायत. संध्याकाळचा चोर जिन्यातला डिमर निघाला. तिथे साधं बटण बसवायचं घरमालकांना विचारलंय. जोडी ठेवतोय. कोॲक्सचं तोंड खाली आहे, वर कुठे दिसत नाही.