मदत हवी: डिके मॉडेलचा क्रिटिकल पॉइंट दुप्पट येतोय, सोमवारी सबमिशन

विजापूर_रोड: एमएस्सी प्रोजेक्ट: कॅव्हिटीतला (आरशांमधल्या पोकळीतला) प्रकाश आणि एन अणू एकत्र कसे वागतात, ते डिके मॉडेल. ओमेगा (प्रकाशाची फ्रिक्वेन्सी), ओमेगा-नॉट (अणूची) दोन्ही 1. लॅम्डा (प्रकाश आणि अणूंमधलं कपलिंग) 0.5 ला, म्हणजे क्रिटिकल पॉइंटला, फोटॉन वाढायला हवेत, माझे 1 पर्यंत शून्य. कोड तीनदा पहिल्यापासून लिहिला. लवकर सांगा प्लीज.

पुंजवेडा: हॅमिल्टोनियन (ऊर्जेचं सूत्र) कुठंय? एन किती? फोटॉन कितीपर्यंत घेतलेत?

विजापूर_रोड: नेहमीचाच हॅमिल्टोनियन. एन 20.

सात_रस्ता: लॅपटॉप तापत असेल. सोलापूरच्या मे महिन्यात माझाही बंद पडायचा. खाली कूलिंग पॅड ठेव, पहाटे रन कर.

पुंजवेडा: तापल्यानं उत्तर दुप्पट होत नाही की ओ.

जाळी_अणू: डिके सोड, बोस-हबर्ड (जाळीत एका जागेवरून दुसरीवर जाणाऱ्या अणूंचं मॉडेल) घे. 2002 मध्ये म्युनिकला सुपरफ्लुइड (अणू मोकळे फिरतात) ते मॉट इन्सुलेटर (अणू जागीच अडकतात) बदल प्रत्यक्ष दिसला. मी त्याच्यावरच केलं होतं.

पुंजवेडा: ती प्रकाशाची जाळी, त्यात कॅव्हिटी नाही. याचा विषय 2010 चा झुरिकचा प्रयोग आहे: रुबिडियमचे सुमारे एक लाख अणू, बाजूनं लेझर, आणि उंबरठा ओलांडला की अणू बुद्धिबळाच्या पटासारखे बसतात. विजापूर_रोड, फोटॉनची मर्यादा अजून सांगितली नाहीस.

विजापूर_रोड: 60. मॅट्रिक्स 1281 चा, मेमरीची अडचण नाही. 1 नंतर आलेख जिन्यासारखा चढतो, एकेक पायरी.

नेट_सेट_तयारी: नेटला हे येत नाही. स्टॅट मेकचे जुने पेपर सोडव.

पुंजवेडा: जिना! मग कपलिंगची ओळ जशीच्या तशी टाक.

विजापूर_रोड: ए-डॅगर जे-मायनस अधिक ए जे-प्लस, गुणिले लॅम्डा भागिले रूट एन (ए-डॅगर फोटॉन वाढवतो, ए घटवतो; जे-प्लस अणू उत्तेजित करतो, जे-मायनस खाली आणतो). रोटेटिंग वेव्ह अप्रॉक्सिमेशन (दोन्ही एकदम वाढवणारी किंवा घटवणारी पदं सोडून देणं). वर्गात असंच शिकवलं, म्हणून लिहिलं नाही.

पुंजवेडा: तिथंच अडलंय. हे टॅव्हिस-कमिंग्ज मॉडेल झालं, डिके नाही. यात अणूंची उत्तेजनं आणि फोटॉन मिळून बेरीज कायम राहते, म्हणून पायऱ्या. क्रिटिकल पॉइंट रूट ओमेगा ओमेगा-नॉट, म्हणजे तुझा 1. ए-डॅगर जे-प्लस आणि ए जे-मायनसही घाल, मग त्याच्या निम्मा.

जाळी_अणू: हे अप्रॉक्सिमेशन सगळेच वापरतात. चूक कसं म्हणता?

पुंजवेडा: कपलिंग फ्रिक्वेन्सीच्या मानानं किरकोळ असेल तिथं चालतं. झुरिकमध्ये ओमेगा-नॉट म्हणजे प्रकाशाची फ्रिक्वेन्सी नाही, अणूला फोटॉनचा जो धक्का बसतो त्याची ऊर्जा आहे, काही किलोहर्ट्झ. कपलिंग तिच्या मानानं मुळीच किरकोळ नाही. पंपाचा (बाजूच्या लेझरचा) फोटॉन कॅव्हिटीत जातो तसा कॅव्हिटीतला पंपात येतो, आणि दोन्ही वेळा अणू उत्तेजित होऊ शकतो. चारही पदं लागतात. अन् सरासरी ए काढू नकोस. समरूपतेमुळं ती शून्यच येईल. ए-डॅगर ए भागिले एन (दर अणूमागे फोटॉन) काढ.

सात_रस्ता: मर्यादा 60 पुरेल का?

पुंजवेडा: लॅम्डा 1 ला मीन फील्डनं (सरासरीच्या ढोबळ हिशेबानं) साधारण 19 फोटॉन. पुरेल.

विजापूर_रोड: दादा, आला! पायऱ्या गेल्या, 0.5 जवळ वळतोय. पण वळण गोलसर आहे, एन लहान म्हणून असेल. लाईट जायच्या आत एन 40, मर्यादा 120 लावतो.