बाईक न्यायला जुनी व्हॅन घेतोय. विम्याचं काय करू?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या मेल-यादीवर पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. माझ्याकडे रॉयल एनफील्ड हिमालयन आहे, ४११ सीसीची. घेतली कच्च्या रस्त्यांसाठी, पण त्या रस्त्यांपर्यंत पोचायला हायवेचे चार तास लागतात आणि तेवढ्यात पाठीचा भुगा होतो. म्हणून बाईक आत टाकून न्यायला परवडेल अशी जुनी व्हॅन शोधतोय. एक छोटी डिलिव्हरी व्हॅन पसंत पडली आहे. डिझेल, एका हाताची, फारच कमी चाललेली. शनिवारी पैसे देऊन टाकीन म्हणतो.

दुसरं, विमा सासऱ्यांच्या नावाने काढून मला जादा चालक दाखवलं तर हप्ता बराच उतरतो, असं एक मित्र म्हणतो. करावं का?

आपला,
नवा सभासद

*

अरे, थांब जरा. शनिवारी पैसे नेऊ नकोस, टेप ने.

हिमालयनची लांबी २.१९ मीटर. छोट्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये सामानाची जागा बहुधा १.८ मीटरच्या आसपास असते. तिरकी घालून बघतात लोक, मग मागचं दार दोरीने बांधतात. तसलं काही करू नकोस. फोर्ड ट्रान्झिट कस्टम किंवा फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर अशा मधल्या आकाराच्या व्हॅनच्या आखूड मॉडेलमध्येही अडीच मीटर मिळतात. बाईक सरळ उभी राहते आणि लांबीत वीतभर जागा उरते.

पण खरी गोम दारात आहे. जाहिरातीत आतली उंची देतात, साधारण १.४ मीटर. मागच्या दाराची चौकट त्याहून खाली, १.३० ते १.३५ च्या दरम्यान. तुझी बाईक पुढच्या काचेपर्यंत १.३६ मीटर, आणि आरसे त्याच्याही वर. म्हणजे दर खेपेला आरसे काढायचे, कदाचित काचही. मी हे घरी आणल्यावर शिकलो. बाईक रॅम्पवर अर्धी चढलेली, आरसा चौकटीला टेकलेला, मी मागून रेटतोय आणि सौ. खिडकीतून विचारतायत, ‘मापं घेतली होतीत ना?’

रॅम्पवर काटकसर नको. व्हॅनची जमीन रस्त्यापासून ५५-६० सेंटिमीटर वर असते. १.८ मीटरची फळी लावलीस तर चढ १८-१९ अंशांचा होतो, २.४ मीटरची लावलीस तर १३-१४ वर येतो. २०० किलो ढकलताना हा फरक गुडघ्यांना कळतो. फळी कमानदार मिळाली तर घे, नाहीतर कडेवर बाईकचं पोट टेकतं. आणि फळीचं वरचं टोक व्हॅनला पट्ट्याने बांधल्याशिवाय चाक वर घालायचं नाही. सुटली तर ती मागे निसटते आणि बाईक अंगावर येते.

बांधताना साइड स्टँड वर. पुढचे दोन पट्टे फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, खालच्या क्लॅम्पला, खाली आणि पुढे ओढलेले. हँडलबारला बांधलंस तर हँडल वळतं नाहीतर वाकतं. सस्पेन्शन निम्मं दबेल इतकंच ताण. पूर्ण दाबून ठेवलंस की फोर्कमधलं तेल अडवणाऱ्या सिलांवर ताण येतो. मागचे दोन पट्टे मागचं चाक उड्या मारू नये म्हणून. पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा तपास, पहिल्या धक्क्यांत पट्टे बसतात आणि सैल होतात.

‘कमी चाललेली डिझेल’ यावर भुलू नकोस. डिलिव्हरीच्या गाडीने आयुष्यभर गल्लीबोळातच फेऱ्या मारल्या असतील तर धुराचा फिल्टर काजळीने भरलेला असतो, कारण ती जाळायला इंजिन सलग तापावं लागतं. तुझ्या चार तासांच्या प्रवासाला डिझेल चांगलंच, पण फिल्टरची चूक आधीच्या मालकाची आणि बिल तुझं. गंज मात्र स्वतः वाकून बघ, विशेषतः सरकत्या दाराची पट्टी आणि चाकांच्या कमानी.

विम्याचं ताईंना विचार. सासऱ्यांचा बेत मला पटलेला नाही.

— व्हॅनवाले काका

*

काका, एवढा खटाटोप कशाला? कारच्या मागच्या हुकावर बाईकचा रॅक मिळतो की. मी सायकली तसाच नेतो.

— तळमजल्यावरचा शेजारी

*

सायकल १५ किलोची, ही २०० ची. हुकाच्या गोळ्यावर उभा भार बहुतेक कारना ७५ ते १०० किलोच चालतो आणि रॅकचं वजन त्यातच धरायचं. तुझ्या कारचं नाक आभाळाकडे जाईल. हलकी डर्ट बाईकही रॅकसकट या आकड्यात क्वचितच बसते.

— काका

*

सगळ्यांना नमस्कार,

क्लेमच्या फायली बघण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

आधी सासऱ्यांचं. फॉर्मवर ‘मुख्य चालक कोण’ असा प्रश्न असतो. गाडी तू चालवणार आणि नाव त्यांचं, म्हणजे उत्तर खोटं. अपघात होईपर्यंत कुणाला कळत नाही, झाला की पहिलं तेच तपासतात. मग क्लेम नाकारला जाऊ शकतो, पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि ‘तुमची पॉलिसी कधी रद्द झाली का’ हा प्रश्न पुढच्या फॉर्मांवर पाठ सोडत नाही. तुझा हप्ता वाचेल आणि त्यांचं नाव जाईल. त्यांचं वय झालंय, त्यांना या भानगडीत कशाला ओढतोस?

दुसरं, पैसे देण्याआधी त्या विशिष्ट गाडीचा नंबर देऊन हप्ता विचार. व्हॅन स्वस्त असते म्हणून विमा स्वस्त असेल असं नाही. कारवर जमलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सवलत) बहुतेक कंपन्या एका वेळी एकाच गाडीला लावतात, त्यामुळे व्हॅनचं खातं बऱ्याचदा शून्यापासून सुरू होतं. फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याचं नुकसान) आणि सर्वंकष (आपल्या गाडीचंही), दोन्हीचे आकडे माग. सर्वंकष कधी कधी कमी निघतो, मी पाहिलंय. क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारा पहिला हिस्सा व्हॅनच्या किमतीच्या जवळ गेला, तर त्या सर्वंकषाला अर्थ नाही.

वापराच्या रकान्यात ‘खाजगी’ लिहिलंस तर तो खाजगीच ठेव. मित्राची बाईक पेट्रोलच्या पैशांवर नेलीस तरी कुणीतरी त्याला भाड्याची वाहतूक म्हणू शकतं. आत रेल्स, फळ्या, बाकडं बसवलंस तर तेही कळव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॅनचा विमा व्हॅनचा असतो. आतली बाईक हा त्याच्या लेखी माल, आणि मालाचं नुकसान त्यात बहुधा येत नाही. बाईकच्या स्वतःच्या पॉलिसीकडे वळावं तर तिथेही पळवाटा असतात. तेव्हा बाईकच्या कंपनीला तीन गोष्टी लेखी विचार: व्हॅनमध्ये कुलपात असताना रात्री चोरीला गेली तर? चढवता-उतरवताना पडली तर? पट्टा सुटून आतल्या आत आडवी झाली तर? फोनवरचं ‘हो हो, चालेल’ फायलीत दिसत नाही, मेल दिसतो.

— विम्यावाली ताई

*

वा! म्हणजे मंडळात आता व्हॅन येणार. पुढच्या कार्यक्रमाला खुर्च्या आणि स्पीकर आणायची सोय झाली. आणि माझं घर हलवायचंय त्याच महिन्यात.

— मंडळाचे कार्यवाह

*

कार्यवाह, व्हॅन त्याने घेतलीही नाही अजून! आणि तुम्ही स्वतः चालवणार असाल तर पॉलिसीत चालक म्हणून तुमचं नाव लागेल. खुर्च्या त्यालाच आणू द्या, पैसे देऊ नका, जेवायला बोलवा.

— ताई

*

काका, ताई,

शनिवारी टेप घेऊन गेलो. १.८२ मीटर. विकणारा म्हणाला, ‘सीट पुढे सरकवा की’. सीटच्या मागे लोखंडी जाळी आहे हे त्याला माहीत असावं. नमस्कार करून निघालो.

एक ट्रान्सपोर्टर बघितली, बरीच चाललेली, पण आधीचा मालक हायवेवरूनच कामाला जायचा. दार १.३० मीटर. हप्ता माझ्या नावाने विचारलाय, सासऱ्यांना काही बोललेलो नाही. बाईकच्या कंपनीला तिन्ही प्रश्न मेल केले. दोनांची उत्तरं आली. पट्ट्याच्या प्रश्नावर ‘संबंधित विभागाकडे पाठवलं आहे’ एवढंच.

तोवर कुणाकडे २.४ मीटरचा रॅम्प पडून असेल तर एका शनिवारापुरता द्याल का? आरसे काढायचा पाना माझ्याकडे आहे.

— नवा सभासद